पाठीवर पंप, कमरेखाली विष : फवारणी करणाऱ्या पुरुषांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री व मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ

विषय : फवारणीच्या कामामुळे पुरुषांच्या प्रजननक्षमतेला होणारी इजा, तिची तपासणी, नोंद, प्रतिबंध आणि भरपाई याबाबत.

महोदय,

आम्ही यवतमाळ जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यात फवारणी करणारी माणसे आहोत. आमच्यात काही भूमिहीन आहेत, काही सालदार. बरेचसे असे आहेत, की स्वतःचे दोन-तीन एकर वावर फवारून झाले की पंपामागे मजुरी ठरवून दुसऱ्याच्या पराटीत, म्हणजे कपाशीत, उतरतात. २०१७ च्या खरिपात या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर तपास पथक नेमले गेले, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली, मास्क आणि हातमोजे वाटले गेले. गेलेल्यांची मोजणी झाली.

जे वाचले त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारले नाही. उलट्या थांबल्या, नजर निवळली, सुट्टी मिळाली, केसपेपर बंद झाला. पुढच्या जुलैत तोच माणूस तोच पंप पाठीला लावून तासात उभा होता. ज्या इजेबद्दल आम्ही हे लिहीत आहोत ती केसपेपरवर येत नाही, ग्रामसभेत निघत नाही आणि पारावर तर कोणी तिचे नावही काढत नाही. लग्नाला चार वर्षे होतात, पाच होतात, पाळणा हलत नाही. मग बोलणी सुरू होतात, आणि ती सगळी सुनेला असतात.

आमच्या संघटनेच्या एका सभासदाच्या लग्नाला सात वर्षे झाली होती. त्या सात वर्षांत त्याच्या बायकोच्या सोनोग्राफ्या झाल्या, गर्भनलिकांची तपासणी झाली, महिनोन्‌महिने गोळ्या झाल्या, नवस झाले, एका बाबाचा अंगाराही झाला. नवरा प्रत्येक वेळी बाहेरच्या बाकावर पिशवी सांभाळत बसलेला. त्याला आत कोणी बोलावले नाही, आणि आपणही आत जावे असे त्याला सुचले नाही. आठव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी त्याचीही तपासणी लिहून दिली. प्रयोगशाळेत एक डबी हातात देऊन त्याला कडी नसलेल्या संडासात पाठवले. दारावर दोनदा थाप पडली. अहवाल आला तेव्हा शुक्रजंतूंची संख्या एका मिलिलिटरमागे तीस लाख निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली खालची संदर्भमर्यादा एक कोटी साठ लाख आहे. त्याला विचारले गेले : तंबाखू खाता का, दारू घेता का, लहानपणी गालफुगी झाली होती का, काम काय करता? तो म्हणाला, शेती. केसपेपरवर ‘शेती’ एवढेच लिहिले गेले.

शेती म्हणजे नेमके काय, हा एक प्रश्न पुढे विचारला असता, तर जुलै ते ऑक्टोबर हा माणूस रोज दहा-बारा पंप मारतो, तेही अकरा हंगामांपासून, हे कळले असते. त्याच्या अहवालातली तीस लाख ही संख्या फवारणीमुळेच आली, असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. म्हणता येत नाही, कारण तसे म्हणायला जी नोंद लागते ती कोणी ठेवलीच नाही. या मागणीपत्राचे मूळ तिथे आहे. इजा सिद्ध करा, असे आम्हाला सांगितले जाते; आणि ज्याने ती सिद्ध होईल ती तपासणी कायद्यात असूनही होत नाही.

आता वावरात काय घडते ते सांगतो, कारण साहेब लोक पाहणीला येतात ते बहुधा बांधापर्यंत. बादलीत पाणी, त्यात दुकानदाराने दिलेली दोन-तीन औषधे, वर एखादे टॉनिक, आणि ते ढवळायला काडी, काडी नसेल तर हात. सोळा लिटरचा पंप भरून पाठीला लागतो. झाकणाचे वायसर झिजलेले असते, नळीच्या जोडावर चिंधी बांधलेली असते. चालताना पाणी हिंदकळते आणि झाकणातून पाठीवर उतरते. पाठीवरून कमरेच्या गोफापर्यंत, तिथून विजारीत. दुसऱ्या पंपाला विजारीचा मागचा भाग ओला झालेला असतो, चौथ्या पंपाला पुढचाही. त्यातच सप्टेंबरात पराटी कमरेच्या वर गेलेली असते. आपण पुढे चालतो ते नुकत्याच फवारलेल्या ओल्या पानांतून, म्हणजे समोरून मांड्यांना आणि जांघांना तेच पाणी पुसले जाते. नोझल चोंदले की तोंडाने फुंकायचे. ही विजार सकाळी आठला ओली होते आणि संध्याकाळी पाचला अंगावरून उतरते. आमच्यातला कोणताही जुना माणूस सांगेल, “ओला झाला तं काय होते, उनात वायून जाते.”

वाळते ते पाणी. त्यातले औषध कातडीतून आत जाते, आणि कुठल्या कातडीतून किती जाते हे पन्नास वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. अमेरिकेत १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅराथिऑन हे कीटकनाशक माणसाच्या शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती शोषले जाते ते मोजले होते. कोपराखालच्या हाताच्या मानाने अंडकोशाच्या त्वचेतून ते जवळजवळ बारा पट शोषले गेले. लावलेले बहुतेक सगळेच आत गेले होते. सरकारने आम्हाला हातमोजे दिले, मास्क दिला, चष्मा दिला. जिथून सर्वांत जास्त विष आत जाते त्या जागेसाठी मात्र त्या पाकिटात काहीच नव्हते.

आत गेल्यावर ते काय करते, हेही थोडे सांगणे भाग आहे. वृषणात शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, पुढे पक्व होऊन बाहेर पडायला आणखी दहा-पंधरा दिवस. हे काम शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमानातच नीट चालते. निसर्गाने तो अवयव पोटाबाहेर ठेवला आहे तो म्हणूनच. शुक्रजंतूची पेशी घडत असताना तिला सांभाळणाऱ्या, खाऊ घालणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, पुरुष संप्रेरक तयार करणाऱ्या वेगळ्या, आणि या सगळ्यांना मेंदूतल्या ग्रंथीकडून हुकूम येतात. काही विषे थेट घडणाऱ्या पेशीला मारतात. काही सांभाळणाऱ्या पेशीचा सांगाडा मोडतात. काही संप्रेरकाच्या जागी जाऊन बसतात आणि खऱ्या संप्रेरकाला काम करू देत नाहीत; डीडीटी शरीरात मोडल्यावर उरणारे डीडीई हे त्यातलेच. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतली कीटकनाशके आमच्या नेहमीच्या वापरातली आहेत. त्यांच्यावरचा एक मोठा आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात वीस अभ्यास आणि १,७७४ पुरुष एकत्र तपासले गेले, आणि ज्यांचा या औषधांशी संपर्क जास्त त्यांच्या वीर्यात शुक्रजंतूंचे प्रमाण कमी आढळले.

शुक्रजंतूंची संख्या चार-पाच दशकांत निम्म्यावर आली, असे आधी पाश्चात्त्य देशांबद्दल (२०१७) आणि मग जगभराबद्दल (२०२२) सांगणारे आढावेही आम्ही पाहिले आहेत. जुन्या आणि नव्या मोजणीची पद्धत सारखी होती का, यावर त्या बाबतीत तज्ज्ञांमध्ये वाद आहे, आणि तो त्यांनी घालावा. आमची मागणी त्यावर उभी नाही. या घटीची कारणे म्हणून जग हवेतले कण, प्लास्टिकमधली थॅलेट्स, बॅटरीतले शिसे याबद्दल बोलते, ते खरेच आहे. पण आमच्या अंगावर जे पडते ते मिलिग्रॅमच्या हिशेबातले नसते, ते विजार भिजवते.

या बाबतीत आमच्यासारख्याच कामगारांनी आधी काय पाहिले, हे आपण पाहावे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथे एका कारखान्यात डीबीसीपी नावाचे, जमिनीतल्या सूत्रकृमींना मारणारे औषध तयार होत असे. आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाही, हे तिथल्या कामगारांच्याच लक्षात आले. कुठल्या डॉक्टरच्या नाही, कंपनीच्या नाही. त्यांनी तपासणीचा आग्रह धरला. १९७७ साली नसबंदी न झालेल्या पंचवीस पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या चौदा जणांच्या वीर्यात शुक्रजंतू अगदी कमी होते किंवा मुळीच नव्हते. जितकी वर्षे जास्त, तितकी इजा जास्त. आमच्या दृष्टीने त्या अहवालातली मोलाची गोष्ट आणखी एक आहे : त्या पुरुषांना दुसरा काही मोठा त्रास नव्हता. त्यांचे पुरुष संप्रेरक व्यवस्थित होते. ते धडधाकट होते, कामावर येत होते, नवरा-बायकोचे संबंध ठीक होते. गावात ज्याला ‘नामर्द’ म्हणतात त्याचा आणि या इजेचा काडीचाही संबंध नाही, हे त्या चौदा माणसांनी दाखवून दिले आहे. हेच औषध उंदरांना दिल्यावर त्यांचे वृषण आक्रसतात, हे १९६१ सालीच छापून आले होते. कागद सोळा वर्षे कपाटात होता आणि माणसे कारखान्यात. पुढे अमेरिकेत त्याचा वापर थांबला, पण मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांतले हजारो मजूर त्याच औषधाने वंध्य झाले आणि त्यांचे खटले कित्येक दशके चालले. काम सोडल्यावर काहींचे शुक्रजंतू परत आले. ज्यांची इजा खोल गेली होती, त्यांतल्या अनेकांचे आलेच नाहीत.

आपल्या देशातले उदाहरण केरळच्या कासरगोडचे आहे. तिथल्या काजूच्या मळ्यांवर १९७० च्या दशकापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले जात होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने डोंगरपायथ्याच्या पाद्रे गावातली ११७ शाळकरी मुले आणि दूरच्या गावातली ९० मुले तपासली. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : फवारणीखालच्या गावातल्या मुलग्यांना वयात यायला उशीर होत होता आणि पुरुष संप्रेरक कमी पडत होते. ही मुले फवारणी करत नव्हती, नुसती त्या गावात राहत होती. सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी घातली ती मे २०११ मध्ये. म्हणजे सरकारी संस्थेचा निष्कर्ष आणि बंदी यांच्यात आठ वर्षे गेली. आमच्या बाबतीत तो निष्कर्ष काढायलाही अजून कोणी आलेले नाही.

म्हणून आमची पहिली मागणी कायद्यातलीच आहे. कीटकनाशक नियम १९७१ मधला नियम ३७ सांगतो, की फवारणीच्या कामावर घेतलेल्या माणसाची काम सुरू करण्यापूर्वी आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी. ती या धोक्यांची जाण असलेल्या डॉक्टरने करावी. आणि तिची नोंद ठरलेल्या नमुन्यातल्या नोंदवहीत ठेवावी. आमच्या सभासदांपैकी एकाचीही अशी तपासणी कधी झालेली नाही. कारण उघड आहे : नियमाने मालक गृहीत धरला आहे, आणि आमचा मालक रोज बदलतो. सोमवारी एकाचे वावर, मंगळवारी दुसऱ्याचे, आणि रविवारी आम्ही स्वतःच आमचे मालक. पाच एकरांचा शेतकरी डॉक्टर कुठून आणणार? त्याच्याशी आमचे भांडण नाही, तोही आमच्यासारखाच भिजतो. ही जबाबदारी शासनाने घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात फवारणी करणाऱ्यांची नोंदवही ठेवावी, नाव नोंदवण्यासाठी सातबारा मागू नये, आणि तपासणी वर्षातून दोनदा करावी : एकदा जूनमध्ये, पंप पाठीला लागण्याआधी, आणि एकदा ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात. ही वेळ आम्ही सोयीसाठी सांगत नाही. शुक्रजंतू घडायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून जुलै-ऑगस्टमधली इजा वीर्यात दिसते ती ऑक्टोबरनंतर. एकच तपासणी, तीही मार्चमध्ये केली, तर मधल्या रिकाम्या महिन्यांत भरून आलेली संख्या दिसेल आणि अहवाल लिहील की सगळे ठीक आहे. दोन्ही वेळी रक्तातल्या कोलिनेस्टरेजची, म्हणजे या औषधांनी घटणाऱ्या विकराची, मोजणी सर्वांची व्हावी. वीर्यतपासणी ऐच्छिक असावी, पण ती मोफत आहे हे प्रत्येकाला सांगितले जावे.

दुसरी मागणी दवाखान्याची. मूल होत नाही म्हणून जे जोडपे येईल त्यात पुरुषाची वीर्यतपासणी आधी, निदान सोबत तरी व्हावी, असा लेखी आदेश सर्व सरकारी रुग्णालयांना द्यावा. ही तपासणी स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही, भूल लागत नाही, सूक्ष्मदर्शक आणि शिकलेला तंत्रज्ञ लागतो. बाईच्या गर्भनलिकांच्या तपासणीत दुखते, खर्च होतो; तरी ती आधी होते आणि ही होत नाही. नमुना तासाभरात तपासावा लागतो, त्यामुळे गावातून डबी घेऊन एसटीने जिल्ह्याला गेले तर ती तपासणी वाया जाते. म्हणून प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात आतून कडी लागणारी एक स्वच्छ खोली हवी, जिच्यावर काहीही लिहिलेले नसेल. केसपेपरवर ‘व्यवसाय : शेती’ एवढे लिहून भागणार नाही; फवारणी करता का, किती हंगाम, कोणती औषधे, शेवटची फवारणी कधी, हे चार प्रश्न छापलेले असावेत. गावात हे सांगायचे काम आशाताईंवर टाकू नये. त्या आमच्या बहिणी-वहिनी आहेत, त्यांच्यासमोर हा विषय कोणताही पुरुष काढणार नाही. पुरुष आरोग्यसेवकांना त्याचे प्रशिक्षण द्यावे. आणि अहवाल फक्त त्या माणसाच्या हातात पडावा. तो गावात फुटला तर पुढच्या वर्षी एकही माणूस त्या खोलीत जाणार नाही.

तिसरी मागणी कमरेखालची आहे, आणि ती आम्ही संकोच बाजूला ठेवून करतो. जे संच वाटले जातात त्यातला प्लास्टिकचा अंगरखा सप्टेंबरच्या उकाड्यात अर्धा तासही अंगावर ठेवता येत नाही. ठेवला तर आत भट्टी होते, आणि उष्णतेने शुक्रजंतूंचे नुकसान होतेच. म्हणजे विष अडवायला जावे आणि उष्णतेने तेच नुकसान करून घ्यावे, असा प्रकार. आम्हाला हवा आहे तो पाठीवर पंपाखाली येणारा आणि मागून कमरेखाली मांडीपर्यंत लोंबणारा जलरोधक पडदा, पुढून गुडघ्यापर्यंत तसाच एप्रन, आणि बाकी अंगाला सुती कपडा. गावातला शिंपी तो शिवू शकतो. आम्ही ताडपत्रीच्या तुकड्याचे दोन शिवून पाहिले आहेत, ते आपल्याला दाखवायला आणू. कृषी विद्यापीठाने त्याचा नमुना ठरवावा आणि कृषी विभागाने तो वाटावा. त्याच्या बरोबरीने पंपाचे झाकण आणि वायसर. फवारणीच्या हंगामाआधी प्रत्येक मोठ्या गावात एक दिवस पंपतपासणी व्हावी, गळका पंप तिथेच दुरुस्त करून द्यावा, वायसर-नोझल मोफत द्यावेत. वायसर मिळते काही रुपयांत, पण हंगामात ते आणायला तालुक्याला जाण्यात एक मजुरी बुडते आणि म्हणून चिंधी बांधली जाते. वावरात साबण, वीस लिटर स्वच्छ पाणी आणि कोरडी विजार असल्याशिवाय पंप पाठीला लावायचा नाही, हा ठराव आम्ही आमच्यापुरता केलेला आहे. मजुरी पंपामागे न ठरता दिवसामागे ठरावी, म्हणजे कपडे बदलायला थांबणाऱ्याचे पैसे जाणार नाहीत. यासाठी ग्रामपंचायतींनी पुढाकार घ्यावा, अशी विनंती आहे.

चौथी मागणी औषधाच्या डब्यावरच्या त्रिकोणाबद्दल. लाल, पिवळा, निळा, हिरवा असे चार त्रिकोण असतात. दुकानदार सांगतो, हिरवा म्हणजे साधे. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच समजत आलो. हे रंग ठरतात ते एवढ्यावरच, की किती मात्रा पोटात किंवा अंगावर गेली म्हणजे प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात. म्हणजे तो त्रिकोण लगेच मरण्याबद्दल बोलतो. वीस हंगामांनंतर काय, मुलाबाळांचे काय, याबद्दल तो काहीच सांगत नाही. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घ्या. लगेच मारण्याची त्याची ताकद अगदी थोडी आहे, म्हणून ते ‘साधे’ समजून बियाण्याला हाताने चोळले जाते. पण प्राण्यांत ते वृषणातल्या सांभाळणाऱ्या पेशींचा सांगाडा मोडते. युरोपीय महासंघाच्या वर्गवारीत ते प्रजननक्षमतेला आणि गर्भाला अपाय करू शकणारे म्हणून नोंदलेले आहे. तिथे २०१४ नंतर त्याला मान्यता नाही, आणि ब्राझीलने २०२२ मध्ये त्यावर बंदी घातली. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला, त्यात कार्बेन्डाझिमचे नाव होते. अंतिम आदेशात ते राहिले नाही. राज्याच्या हातात साठ दिवसांच्या बंदीपेक्षा फारसे काही नाही, हे आम्ही जाणतो. पण केंद्रीय नोंदणी समितीकडे शिफारस करण्यापासून राज्याला कोणी अडवलेले नाही. प्रजननाला घातक ठरलेल्या औषधांचा फेरविचार व्हावा, आणि तोवर त्यांच्या डब्यावर त्रिकोणाशेजारी मराठीत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत लिहावे : ‘या औषधाने मूल होण्याच्या क्षमतेला अपाय होऊ शकतो.’ घडीपत्रकातल्या मुंगीएवढ्या अक्षरांत नको. आमच्याकडे या सगळ्याला औषधच म्हणतात, औषध मारले, औषध आणले. निदान डब्याने तरी विषाला विष म्हणावे.

घरातल्यांबद्दल थोडे. फवारणीची विजार बायको धुते, मुलांच्या कपड्यांच्याच टोपल्यात, हातानेच. औषध कालवायला पाणी तीच वाहून आणते. रिकाम्या कॅनमध्ये रॉकेल, पाणी, कधी बियाणे भरले जाते. कॅन भोक पाडून परत घेण्याची जबाबदारी विकणाऱ्या दुकानावर टाकावी आणि तिची पाहणी व्हावी.

पाचवी मागणी भरपाईची. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा धरली जाते, पण मृत्यू आला तर, किंवा हात-पाय-डोळे गेले तर. त्यातही खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य. पंपामागे मजुरी घेणाऱ्या भूमिहीनाच्या नावे सातबारा नाही, म्हणून सगळ्यात जास्त भिजणारा माणूस योजनेच्या बाहेर. भूमिहीन फवारणी मजुरांना या योजनेत घ्यावे. आणि जून-नोव्हेंबरच्या नोंदींवरून ज्याची प्रजननक्षमता फवारणीच्या काळात घटत गेलेली दिसते, त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या उपचाराचा पूर्ण खर्च शासनाने करावा. हात तुटला तर दिसतो म्हणून त्याचे मोल होते. ज्या घरात पाळणा हलला नाही त्या घराचे काय गेले, ते त्या घरातल्या बाईला विचारावे. तिने सात वर्षे ऐकून घेतलेले आहे, आणि दोष तिच्यात नव्हता.

शेवटची मागणी अभ्यासाची आहे. मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे, अहमदाबादला व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, दोन्ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या. या दोघींनी मिळून कापूसपट्ट्यातल्या फवारणी करणाऱ्या आणि न करणाऱ्या पुरुषांचा किमान पाच हंगामांचा अभ्यास करावा, असे राज्याने त्यांना लेखी कळवावे. निष्कर्ष काहीही निघो, तो आधी आमच्या गावात मराठीत वाचून दाखवावा. इजा नाही असे निघाले तर आमच्याइतका आनंद कोणाला होणार नाही; आमच्यातल्या कित्येकांची मुले आता पंप उचलायच्या वयात आली आहेत.

वीर्यतपासणी म्हटली की माणसे येणार नाहीत, असे आम्हाला दोन कार्यालयांत सांगण्यात आले. म्हणून कळवतो, की आमच्या कार्यकारिणीतले सर्व पुरुष पहिल्याच दिवशी नमुना देतील. त्यांतल्या चौघांना नातवंडे आहेत, तरी ते देतील. ज्या सभासदाबद्दल वर लिहिले तो आणि त्याची पत्नीही त्या दिवशी हजर राहणार आहेत, आणि या वेळी बाहेरच्या बाकावर पिशवी सांभाळत ती बसेल, असे तिनेच सांगितले आहे. येत्या जूनमध्ये, मृगाच्या पावसाआधी, कोणत्या रुग्णालयात कोणत्या तारखेला यायचे ते आपल्या सहीने कळवावे.

आपले,
फवारणी मजूर व अल्पभूधारक शेतकरी संघटनेच्या वतीने,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद
यवतमाळ